लपायचे कुणी – साक्षीदाराने की गुंडांनी?

अमेरिकन अभिनेत्री जीना रोलँड्स १४ ऑगस्ट २०२४ रोजी वयाच्या ९४ व्या वर्षी निधन पावल्या. त्यांचे पती जॉन कॅसाव्हेटिस यांनी दिग्दर्शित केलेल्या अनेक सिनेमांत त्यांनी काम केले. त्यांपैकी 'ग्लोरिया' हा १९८० सालचा सिनेमा आमच्या वाचकांनी मिळवून पाहावा, असे आम्हाला फार दिवसांपासून सांगायचे होते. व्हेनिसच्या महोत्सवात त्या वर्षीचा सर्वोच्च 'सुवर्णसिंह' पुरस्कार 'ग्लोरिया' आणि लुई माल यांचा 'अटलांटिक सिटी' या दोन सिनेमांना विभागून मिळाला होता. जीना रोलँड्स यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. पण पुरस्कारांची यादी सांगण्यासाठी आम्ही लेखणी हातात घेतलेली नाही.

आंबेडकरी दैनिकाच्या वैचारिक पानावर न्यूयॉर्कच्या गुंडांच्या सिनेमाची चर्चा कशाला, असा प्रश्न काही वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. आमचे म्हणणे एवढेच की, ज्याला खरे ठाऊक आहे त्या माणसाने जगायचे कसे आणि त्याच्यासाठी दार कोण उघडणार, हा प्रश्न आमच्या वस्त्यांना नवा नाही. ॲट्रॉसिटीची प्रत्येक केस कोर्टात उभी राहते तेव्हा तो आमच्यापुढे येतो. कॅसाव्हेटिस यांनी तोच प्रश्न दोन तासांच्या सिनेमात मांडला आहे आणि तोही पिस्तुलाच्या आवाजात.

कथा थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागातल्या एका जुन्या इमारतीत जॅक डॉन नावाचा हिशेबनीस राहतो. तो माफिया टोळीचे हिशेब लिहितो. या माणसाने टोळीची माहिती सरकारी तपास यंत्रणेला पुरवली, हे टोळीला कळलेले आहे. त्याची बायको जेरी ही पोर्टो रिकन, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या पोर्टो रिको बेटावरून आलेल्या समाजातली. घरात म्हातारी आहे, थोरली मुलगी आहे आणि सहा वर्षांचा फिल आहे. जेरी वाणसामानाच्या पिशव्या सांभाळत बसने घरी येते आणि इमारतीच्या तळमजल्यावरच तिला अनोळखी माणसे उभी दिसतात. काय होणार ते तिला तेव्हाच कळते. पळायची तयारी सुरू होते खरी, पण पळायचे कुठे? खाली जायला एकच वाट आणि त्या वाटेवर मारेकरी उभे.

तेवढ्यात शेजारीण दार वाजवते. तिच्या घरातली कॉफी संपलेली असते. ही ग्लोरिया. गोरी, चाळिशी ओलांडलेली, एकटी, तोंडाने फटकळ. एके काळी याच टोळीच्या एका म्होरक्याची ती बाई होती. आई-बाप तिच्यापुढे हात जोडतात, पोरांना घेऊन जा म्हणतात. ती तोंडावर सांगते की मला पोरे आवडत नाहीत आणि तुमची तर अजिबात नाहीत. मुलगी न्हाणीघरात कोंडून घेते, ती यायलाच तयार नाही. बाप हिशेबाची वही फिलच्या हातात देतो आणि ग्लोरिया त्याला आपल्या घरात ओढून नेते. थोड्या वेळात शेजारच्या घरात सगळे संपते.

पुढचा सगळा सिनेमा म्हणजे या दोघांची वणवण. टॅक्सी, बस, भुयारी रेल्वे, भिकार हॉटेले, बँकेतून काढलेले पैसे, पुन्हा टॅक्सी. बातम्यांत काय येते? ग्लोरिया नावाच्या बाईने पोर पळवले! ज्यांनी कुटुंब कापून काढले ते बाजूला राहिले आणि जिने पोर वाचवले तिच्यावर अपहरणाचा शिक्का बसला. प्रसारमाध्यमांची ही हातचलाखी आमच्या वाचकांना नवीन वाटू नये. पोलिसांकडे जावे हा विचार या सिनेमात कुणाच्या मनात टिकतच नाही. पोलीस आहेत, त्यांच्या गाड्या आहेत, पण आसरा म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहत नाही. याचा दिग्दर्शक खुलासाही करत नाही. ब्राँक्सच्या प्रेक्षकाला तो लागतही नसावा.

ब्राँक्सची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सिनेमा ती सांगत नाही. तो फक्त इमारती दाखवतो. सुरुवातीची नामावली रोमेअर बीअर्डन या ख्यातनाम कृष्णवर्णीय चित्रकाराच्या चित्रांवर उमटते आणि मग कॅमेरा रात्रीच्या शहरावरून फिरत खाली येतो. ज्या वर्षी हा सिनेमा आला त्याच्या आधीच्या दहा वर्षांत दक्षिण ब्राँक्स अक्षरशः जळत होता. १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे काढून काळ्यांच्या आणि इतर स्थलांतरितांच्या वस्त्यांना लाल रंग दिला. लाल रंग म्हणजे इथे कर्ज देऊ नये. मग १९४८ पासून या भागाच्या छाताडावरून महामार्ग नेला. हजारो कुटुंबे उठवली गेली. ज्यांना जाता आले ते गोरे उपनगरांत गेले. मागे राहिलेल्या पडक्या इमारतींत पोर्टो रिकन आणि काळी कुटुंबे आली. घरभाड्यापेक्षा विम्याचे पैसे जास्त मिळतात हे कळल्यावर काही घरमालकांनीच इमारतींना आगी लावायला माणसे धाडली आणि त्याच काळात महापालिकेने खर्चकपातीच्या नावाखाली या भागातली अग्निशमन केंद्रे बंद केली. १९७० ते १९८० या दहा वर्षांत ब्राँक्सच्या ४४ जनगणना विभागांत निम्म्याहून अधिक इमारती जळाल्या किंवा ओसाड पडल्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर शार्लोट स्ट्रीटवर येऊन ढिगारे पाहून गेले. फोटो निघाले. ढिगारे पुढेही बरीच वर्षे तसेच होते.

पोर्टो रिको बेट अमेरिकेने १८९८ मध्ये स्पेनकडून घेतले. १९१७ मध्ये तिथल्या लोकांना अमेरिकेचे नागरिकत्व दिले. नागरिकत्व दिले, पण बेटावर राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही, ते आजही नाही. सैन्यात चालतो, कारखान्यात चालतो, मतपेटीपाशी चालत नाही! अशा समाजातून न्यूयॉर्कमध्ये १९६९ साली 'यंग लॉर्ड्स' ही तरुणांची संघटना उभी राहिली. ब्लॅक पँथरच्या वाटेने जाणारी. महापालिका वस्तीतला कचरा उचलत नव्हती, तेव्हा या पोरांनी तो रस्त्याच्या मधोमध रचून वाहतूक बंद पाडली. जुलै १९७० मध्ये त्यांनी दक्षिण ब्राँक्समधल्या लिंकन हॉस्पिटलचा ताबा घेऊन गरिबांना माणसासारखे औषधपाणी द्या अशी मागणी केली. दोनच वर्षांनी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर जन्माला आली. एकाच ब्लॅक पँथरकडे बघून जगाच्या दोन टोकांना दोन समाजांची पोरे उठली. जेरी डॉनच्या समाजाशी आमचे नाते हे असे आहे.

आता आमची तक्रार. एवढा इतिहास ज्या समाजामागे उभा आहे, त्या समाजाची बाई या सिनेमात सुरुवातीच्या काही मिनिटांत मारली जाते आणि मग सगळा सिनेमा गोऱ्या बाईचा होतो. जेरीची भीती आपण पाहतो, पण ती मेल्यावर तिच्यासाठी रडणारे नात्यागोत्याचे कुणी पडद्यावर येत नाही. पोर्टो रिकन समाजाचे माणूस, त्याची वस्ती, त्याची संघटना त्या पोराला आसरा द्यायला पुढे आली असती की नाही, हा प्रश्न कॅसाव्हेटिस यांना पडलेला दिसत नाही. पीडित समाज मरायला आणि उद्धार करायला बाहेरचा कुणी, ही रीत आम्ही हिंदी सिनेमात पुष्कळ पाहिली आहे. आणि फिलचे काम करणाऱ्या जॉन अडाम्स या बालकलाकाराचे काय झाले पाहा. अमेरिकेत वाईट कामाची थट्टा करणारे 'गोल्डन रास्पबेरी' नावाचे पुरस्कार १९८० च्या सिनेमांपासून सुरू झाले. पहिल्याच खेपेला सहायक अभिनेत्याचा तो 'पुरस्कार' या पोराला आणि सर लॉरेन्स ऑलिव्हिए यांना मिळून देण्यात आला. ऑलिव्हिए यांचे काय बिघडले? बिघडले असेल तर त्या लेकराचे. आम्हाला तर त्याचे काम आवडले. सहा वर्षांचे पोर बापाचे कपडे घातल्यासारखे मोठ्यांचे शब्द वापरते, छाती काढून मीच या घरातला पुरुष म्हणून सांगते, ते हास्यास्पद वाटते हे खरेच. पण घरातला पुरुष असा एका सकाळीत होणारी पोरे ज्यांनी पाहिलेली आहेत त्यांना त्यात हसू येणार नाही.

एवढे बोलूनही आम्ही या सिनेमाच्या बाजूने आहोत. का ते सांगतो.

ग्लोरिया परोपकारी नाही. तिने गुंडांचे खाल्लेले आहे. तिची साठवलेली रक्कम कुठल्या मार्गाने आली हे तिला ठाऊक आहे. पोराला सोडून द्यावे असे तिला वरचेवर वाटते, ती त्याला तसे बोलूनही दाखवते. मग तो प्रसंग येतो. रस्त्याने दोघे चाललेली, बाजूला मोटार येऊन थांबते. मोटारीतले लोक तिच्या ओळखीचे आहेत. आवाज चढवत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ असा की, बाई, तू आपली आहेस, तुझ्याशी आमचे काही भांडण नाही, पोर तेवढे ठेव आणि निघून जा. यात धमकी कमी आणि आपुलकी जास्त आहे, आणि तीच खरी भयंकर गोष्ट आहे. ग्लोरिया पर्समधून पिस्तूल काढते आणि गोळ्या झाडते. मोटार उलटते. त्या क्षणी तिची सगळी जुनी दुनिया उलटते. ती आपल्याच लोकांवर गोळ्या झाडते आहे. पोर तिच्या रक्ताचे नाही, तिच्या रंगाचे नाही, तिच्या भाषेचेही अर्धेच आहे.

गोळ्या झाडणे हा काही आमचा कार्यक्रम नाही. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानाच्या वाटेने जाणारे आम्ही. पण 'तू आपली आहेस' ही हाक ऐकून ती नाकारणे, ही गोष्ट आमच्या चर्चेची आहे. पुढे ती एकेकाळच्या आपल्या त्या माणसाकडे, टोनी टॅन्झिनीकडे, वही घेऊन सौद्याला जाते. तिथेही तीच मऊ भाषा. मऊ गालिचे, मऊ बोलणे. पोराच्या जिवाबद्दल मात्र तिला हवे ते उत्तर मिळत नाही आणि ती तिथून गोळीबारात बाहेर पडते. नंतर फ्रान्सच्या ल्यूक बेसाँ यांचा 'लिऑन' (१९९४) आला, आणि त्याची हिंदी नक्कल 'बिच्छू' (२०००) आली. शेजारचे दार उघडते आणि पोरगी वाचते, हा धागा तिथेही आहे. पण हिंदीत येईपर्यंत पोरीची नायिका झाली, गाणी आली आणि दार उघडणाऱ्याने आपल्या लोकांशी नाते तोडण्याचा प्रश्न वाऱ्यावर गेला. आमच्या सिनेमावाल्यांना तो प्रश्न झेपत नाही. समाजालाही झेपत नाही, म्हणून तर.

न्यूयॉर्क आणि दार म्हटल्यावर आमच्या मनात दुसरे काही येऊच शकत नाही. बाबासाहेब १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला उतरले. कोलंबिया विद्यापीठात १९१६ पर्यंत होते. ब्राँक्स तिथून फार लांब नाही, मधे फक्त हार्लेम नदी. अमेरिका-युरोपातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत नमूद केलेले आहे. १९१७ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले. त्या वेळी स्टेशनवर पहिला प्रश्न त्यांच्यापुढे कोणता होता? राहायचे कुठे! हिंदू खाणावळीत घेणार नाहीत. अखेर त्यांनी पारशी धर्मशाळा गाठली आणि पारशी नाव नोंदवून तिथे राहिले. कोलंबियाचा हा उच्चविद्याविभूषित तरुण स्वतःचे नाव लपवून, रिकाम्या, अंधाऱ्या खोलीत, एखाद्या फरारी माणसासारखा राहत होता. गुन्हा काय केला होता त्याने? अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्यावर आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान दिले.

मग बाबासाहेबांनी शहरातल्या दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघेही शिकलेले, दोघेही मित्र. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र, जो मुळचा ब्राह्मण, त्याने बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो म्हटले. बाबासाहेब काय ते समजले. सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

यातल्या पारशांच्या काठ्यांविषयी आमच्या भाषणांतून नेहमी बोलले जाते. त्या दोन मित्रांविषयी कमी बोलले जाते. वास्तविक ते दोघे जास्त महत्त्वाचे आहेत. काठी घेऊन आलेल्याशी काय करायचे हे ठरलेले असते. पण जो म्हणतो, मला तुमच्याविषयी आदर आहे, मी जातपात मानत नाही, फक्त नोकरांचे बघावे लागते, बायकोला विचारावे लागते, त्याचे काय करायचे? आजचे आमचे पुरोगामी मित्र १४ एप्रिलला व्यासपीठावर येतात, चांगले बोलतात, आम्ही टाळ्या वाजवतो. त्यांनाच एक दिवस स्वतःच्या गावात, स्वतःच्या भावकीच्या विरुद्ध पंचनाम्यावर सही करायला सांगा. साक्षीला उभे राहायला सांगा. मग नोकर, बायको, भावजय, सोसायटीची निवडणूक, सगळे एकदम आठवते.

आता आम्ही मूळ मुद्द्याला येतो.

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी. सुरेखा भोतमांगे यांनी नात्यातल्या सिद्धार्थ गजभिये यांना झालेल्या मारहाणीत मारणाऱ्यांची नावे सांगितली. त्या साक्षीदार होत्या. आमच्या अनेक तरुणांना हे मुळात ठाऊकच नसते; जमिनीच्या वाटेचे भांडण तेवढे ठाऊक असते. २९ सप्टेंबर २००६ रोजी त्या प्रकरणातले आरोपी अटक होऊन त्याच दिवशी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमाव भोतमांगे यांच्या झोपडीवर चालून गेला. सुरेखाताई, प्रियंका, रोशन, सुधीर, चौघांची हत्या झाली. भैयालाल एकटे वाचले. गावात घरे होती, घरांना दारे होती, दारांमागे माणसे होती. एकही दार उघडले नाही. नंतर वृत्तपत्रांनी काय छापले? सुरुवातीला जवळजवळ मौन आणि तोंड उघडले तेव्हा अनैतिक संबंधांची कुजबूज. ग्लोरियाला पोर पळवणारी ठरवणाऱ्या त्या बातम्या आणि या बातम्या यांत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले.

नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डा गावी २८ एप्रिल २०१४ रोजी नितीन आगे या शाळकरी मुलाला मारून टाकले. भरदिवसा, गावाच्या डोळ्यांदेखत. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले, कारण साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. ज्यांनी पाहिले त्यांनी पाहिले नाही असे सांगितले. त्यांना कुणी पिस्तूल दाखवले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्याची गरजच नसते. 'तू आपला आहेस' एवढे पुरते.

आमचे म्हणणे असे की ॲट्रॉसिटीच्या केसेस पडण्याच्या कारणांची चर्चा आपण तपासाच्या ढिलाईपाशी, सरकारी वकिलाच्या उदासीनतेपाशी थांबवतो, ते अपुरे आहे. आमच्या माणसांनी साक्ष देऊन देऊन किती द्यायची? त्यांच्या साक्षीला 'हितसंबंधी साक्षीदार' म्हणून हिणवायला वकील तयारच असतो. खुनाची, बहिष्काराची, बलात्काराची खरी हकिगत त्या गावातल्या प्रस्थापित जातीच्या ओट्यावर ठाऊक असते. कट कुठे शिजला, कुऱ्हाड कुणाची, ट्रॅक्टर कुणाचा, पैसे कुणी जमवले, हे सगळे जॅक डॉनच्या वहीसारखे आतल्या माणसाकडे नोंदलेले असते. ती वही उघडणारा, ग्लोरियासारखा आपल्या लोकांकडे पाठ फिरवणारा, एक माणूस गावागणिक निघाला असता तर या देशातल्या निकालांचा चेहरा बदलला असता. तो निघत नाही. का निघत नाही, याचे उत्तर आम्हाला विचारू नये. ज्यांच्यातून तो निघायला हवा त्यांना विचारावे.

तो निघेपर्यंत आमच्या साक्षीदाराने काय करायचे? लपायचे? लपायलासुद्धा ऐपत लागते, हे 'ग्लोरिया' फार प्रामाणिकपणे दाखवतो. तिच्याकडे बँकेत पैसा आहे, शहराचे गल्लीबोळ पाठ आहेत, गोरी कातडी आहे, गुंड कसा विचार करतात याची माहिती आहे. डॉन कुटुंबाकडे यातले काही नव्हते, ते आपल्याच घरात मेले. शेतमजुराने कुठे लपावे? त्याचे गाव सुटले तर मजुरी सुटते, रेशनचे दुकान सुटते, पोराची शाळा सुटते. आणि नवीन गावात पहिला प्रश्न आडनावाचा, म्हणजे पुन्हा बडोदा.

कायद्यात याची सोय झालेली आहे, पण आपल्या कार्यकर्त्यांना ती नीट माहीत नाही म्हणून इथे सांगतो. अत्याचार प्रतिबंध कायद्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि कलम १५ अ आले. पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना धाकदपटशापासून वाचवणे हे त्या कलमाने शासनाचे कर्तव्य ठरवले. विशेष न्यायालयाने त्यांना संरक्षण द्यावे, तपासाच्या आणि खटल्याच्या काळात प्रवासखर्च, निर्वाहखर्च द्यावा, पुनर्वसन करावे, गरज पडल्यास दुसऱ्या ठिकाणी हलवावे. साक्षीदाराचे नाव-पत्ता आदेशांतून गुप्त ठेवता येतो. कामकाजाचे व्हिडिओ चित्रीकरण व्हावे, असेही त्यात आहे. पुढे ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महेंद्र चावला प्रकरणात साक्षीदार संरक्षण योजना मान्य करून देशभर लागू केली. जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करायचा असतो. धोका किती आहे याचा अहवाल मात्र पोलीस देणार! ज्या ठाण्यात फिर्याद घ्यायला दोन दिवस लावले, त्याच खात्याने साक्षीदाराला धोका आहे की नाही ते लिहायचे. तरीही अर्ज करावा. अर्ज केल्याशिवाय नकारसुद्धा कागदावर येत नाही.

परंतु संरक्षण म्हणून साक्षीदारालाच गावातून उचलून दुसरीकडे नेणे, यावर आमचा खरा आक्षेप आहे. 'ग्लोरिया'च्या शेवटी फिल एकटा रेल्वेने पिट्सबर्गला जातो. कुणाच्या तरी अनोळखी थडग्यापाशी उभा राहून तो आपल्या माणसांशी बोलतो, कारण त्याच्या माणसांची थडगी कुठे आहेत हे त्याला कुणी सांगितलेले नाही. मग ग्लोरिया येते, पांढऱ्या केसांचा टोप घातलेली, आजीच्या वेषात. पोर तो टोप ओढून काढते. सिनेमा संपतो. पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येते. पण टॅन्झिनीची टोळी कुठे आहे? न्यूयॉर्कमध्ये, आपल्या जागी. शहर गुंडांचे राहिले आणि पळून जायची वेळ लेकरावर आली. आमच्याकडेही पुनर्वसनाच्या नावाखाली हेच घडते. पीडित कुटुंब जिल्ह्याच्या गावी एका खोलीत आणि आरोपी जामिनावर सुटून त्याच पारावर.

याच कायद्यात १९८९ पासून कलम १० आहे. ज्या माणसाकडून अत्याचार घडण्याचा संभव आहे, त्याला त्या भागातून हद्दपार करण्याचा अधिकार हे कलम विशेष न्यायालयाला देते. आधी हे कलम अनुसूचित व आदिवासी क्षेत्रांपुरते होते. २०१६ पासून शासनाने निश्चित केलेल्या अत्याचारप्रवण क्षेत्रांनाही ते लागू आहे आणि हद्दपारीची मुदत तीन वर्षांपर्यंत नेलेली आहे. यासाठी पोलिसांच्या अहवालाचीच वाट पाहायला हवी असे नाही, तक्रारीवरूनही न्यायालय दखल घेऊ शकते. म्हणजे लपायचे कुणी आणि गाव सोडायचे कुणी, याचे उत्तर कायद्याने आमच्या बाजूने दिलेले आहे. अडचण अशी की आपले गाव त्या निश्चित केलेल्या क्षेत्रांच्या यादीत आहे की नाही, हे कुणी विचारत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची बैठक नियमाप्रमाणे तीन महिन्यांतून निदान एकदा व्हायला हवी. त्या समितीवर आपल्यातले जे सदस्य आहेत, त्यांनी चहा-बिस्किटे आटोपल्यावर यादीची प्रत मागावी, गेल्या पाच वर्षांत कलम १० खाली जिल्ह्यात किती अर्ज गेले ते विचारावे आणि आलेले उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे. तालुक्याच्या कार्यकर्त्यांनीही पुढची फिर्याद नोंदवायला ठाण्यात जाताना कलम १५ अ चा अर्ज लिहून सोबत न्यावा आणि त्याची पोच घेतल्याशिवाय ठाण्याची पायरी उतरू नये.